बनावट दस्त: शिक्षा भरपूर, पकड ढिली

शेतजमिनीचं किंवा प्लॉटचं बनावट खरेदीखत उघडकीला आलं की मागणी ठरलेली असते: कायदा कडक करा, शिक्षा वाढवा. संताप रास्त आहे, पण शिक्षा आजही कमी नाही. मिळकतीत हक्क निर्माण करणारा दस्त किंवा मृत्युपत्र बनावट केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ४६७ खाली, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. फसवणुकीला ७ वर्षं. फसवणुकीच्या हेतूने केलेल्या बनावटगिरीला ७ वर्षं. दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, खोटं विधान करणं किंवा तोतया म्हणून उभं राहणं, याला नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ खाली पुन्हा ७ वर्षं. जन्मठेपेच्या पुढे वाढवायला काही उरत नाही.

आरोपी सुटतात ते वेगळ्याच कारणांनी. केलेलं कृत्य गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाही. बसलं तर चुकीचं कलम लागतं. आणि कलम बरोबर लागलं तरी मूळ कागद पोलिसांच्या हाती आलेला नसतो. या जागा नीट केल्या तर शिक्षेच्या एका वर्षालाही हात लावायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोलीस ठाण्यात सगळे प्रकार एकाच गठ्ठ्यात बांधले जातात, म्हणून आधी ते सुटे करून पाहू. तोतया मालक उभा करणं हा सगळ्यांत उघड प्रकार: मालकाच्या नावाचं बनावट ओळखपत्र, कॅमेऱ्यासमोर भलताच माणूस आणि ‘आम्ही यांना ओळखतो’ म्हणून सह्या करणारे दोन ओळखदार. दुसरा प्रकार कुलमुखत्यारपत्राचा. ते मुळातच बनावट असतं, रद्द झालेलं असतं किंवा लिहून देणारा वारल्यावर वापरलेलं असतं. तिसरा, मागच्या तारखेचं साठेखत किंवा विसारपावती. मालक वारला, मुलं बाहेरगावी, आणि अचानक जुन्या स्टॅम्प पेपरवरचा कागद बाहेर येतो. इथे खोटेपणा बऱ्याचदा कागदच सांगतो. १९९५ च्या साठेखतात दहा आकडी मोबाइल क्रमांक असतो किंवा गावाचा जिल्हा ‘पालघर’ लिहिलेला असतो, जो जिल्हा २०१४ साली झाला. चौथा प्रकार वारसनोंदीचा: प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं गाळायची आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं चढवायची.

पाचवा प्रकार कायद्याला सर्वांत जड जातो. माणूस स्वतःच्या खऱ्या नावाने येतो, स्वतःचं खरं ओळखपत्र देतो, स्वतःची खरी सही आणि अंगठा करतो, आणि दुसऱ्याची जमीन ‘माझ्या मालकीची व कब्जेवहिवाटीची’ म्हणून विकून टाकतो.

त्याने बनावट दस्त केला, असं कुणीही म्हणेल. कायदा तसं म्हणत नाही. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचीच फोड केली आहे. दस्त दुसऱ्याने केला आहे असं भासवणं, झालेल्या दस्तात अधिकार नसताना फेरफार करणं, किंवा भ्रमिष्ट, नशेतल्या वा फसवलेल्या माणसाकडून सही घेणं, या तीन रीतींनीच कागद कायद्याच्या अर्थाने खोटा ठरतो. मिळकत आपली आहे असं म्हणत स्वतःच्या नावाने दस्त करणारा यांपैकी काहीच करत नाही. त्यामुळे तो बनावटगिरी करत नाही, आणि दस्तच बनावट नाही म्हटल्यावर तो खरा म्हणून वापरल्याचा गुन्हाही उभा राहत नाही. राहता राहिली फसवणूक. फसला तो पैसे देणारा खरेदीदार, म्हणून त्याने तक्रार करावी. ज्याची जमीन गेली त्या मूळ मालकाला आरोपीने काही भुलवलेलं नाही, त्याच्याशी तो बोललासुद्धा नाही. तेव्हा मालकाची ४२० ची तक्रार टिकत नाही.

आता खरेदीदारही सामील आहे असं धरा. प्रत्यक्षात तेच जास्त वेळा असतं, कारण स्वच्छ खरेदीदार शोध अहवाल काढतो आणि माघार घेतो. मग फसवला गेलेला माणूसच उरत नाही. दोघांनी मिळून तिसऱ्याची जमीन एकमेकांत विकली, मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी झाली, इंडेक्स टूवर (नोंदणीकृत दस्ताच्या सूचीतल्या उताऱ्यावर) नाव लागलं, आणि फौजदारी कायद्याच्या या तीन मोठ्या कलमांत कुणीच अडकलं नाही. खऱ्या मालकाला पोलीस ठाण्यात ‘मॅटर सिव्हिल आहे’ असं ऐकावं लागतं. संताप येतो, पण या एका प्रकारात तो हवालदार कायद्याला धरूनच बोलत असतो.

निकालाशी माझं भांडण नाही. कलमाचे शब्द तेच आहेत, न्यायालयाने ते वाचले. दुरुस्ती करायची ती संसदेने, आणि तिला जागाही तयार आहे. न्याय संहितेचं कलम ३२२ (जुनं ४२३) हस्तांतराच्या दस्तातल्या लबाडीने केलेल्या खोट्या विधानाला शिक्षा देतं, पण दोनच बाबतींत: मोबदला किती दिला, आणि हस्तांतर कुणाच्या फायद्यासाठी आहे. तिथे तिसरी बाब घालावी: लिहून देणाऱ्याचा मिळकतीतला हक्क. तो नाही हे माहीत असताना ‘आहे’ असं लिहिणं. मूळ मालकाला तक्रारीचा अधिकार मिळेल, खरेदीदार सामील असो वा नसो. २०२३ साली पूर्ण दंड संहिता नव्याने लिहिली गेली, २०२४ च्या १ जुलैला ती लागू झाली, आणि हे भोक जसंच्या तसं नव्या क्रमांकाखाली आलं. ती संधी हुकली याची खंत वाटते.

संसदेची वाट न पाहता राज्यात करता येईल असंही एक काम आहे, आणि त्याचा कच्चा माल प्रत्येक दस्ताला आजच जोडलेला असतो. महाराष्ट्रात नोंदणीला येणाऱ्या दस्ताच्या शेवटची पानं उलटून पाहा. मुखत्याराने दस्त केला असेल तर त्याचं घोषणापत्र असतं: मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, देणारा हयात आहे, हे कथन खोटं निघालं तर कलम ८२ च्या शिक्षेस मी पात्र राहीन. दुसरं, नोंदणी महानिरीक्षकांच्या ३० नोव्हेंबर २०१३ च्या परिपत्रकाचा हवाला देणारं, दोन्ही पक्षकारांच्या सहीचं: मिळकत फसवणुकीने किंवा दुबार विकली जात नाही, अभिलेखाचा शोध घेतला आहे, लिहून देणारे खरे आहेत, आणि पुन्हा कलम ८२. म्हणजे पाचव्या प्रकारातल्या माणसाने आपला खोटा दावा स्वतःच्या सहीने वेगळ्या कागदावर लिहून दिलेला असतो, शिक्षेची जाणीव असल्याच्या कबुलीसकट!

तो कागद वाचतं कोण? टायपिस्ट तो साच्यातून छापतो, पक्षकार खुणा केलेल्या जागी सह्या करतात. वाद झाला की फिर्यादीत ४२०, ४६७, ४६८, ४७१, ३४ किंवा त्यांचे नवे क्रमांक ओळीने पडतात आणि ८२ चा उल्लेखही नसतो. खरं तर कलम ८२ ला ‘बनावट कागद’ लागतच नाही. नोंदणी अधिनियमाखालच्या कार्यवाहीत किंवा चौकशीत अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून केलेलं खोटं विधान त्याला पुरतं, मग ते शपथेवर असो वा नसो, लिहून घेतलेलं असो वा नसो. तोतयेगिरी त्यात आहे, चिथावणी आणि साहाय्यही आहे, म्हणजे ओळखदारही सुटत नाहीत.

आरोपीचा वकील यावर म्हणेल की घोषणापत्र हा दस्ताला टाचलेला छापील कागद आहे, अधिकाऱ्यासमोर केलेलं विधान नव्हे. अधिकाऱ्याने नोंदणी अधिनियमाच्या कलम ३४ खाली फक्त दोन गोष्टी विचारल्या: दस्त तुम्हीच केला का, आणि तुम्ही तेच का. प्रतिनिधी असेल तर त्याच्या अधिकाराविषयी तिसरी. हक्काचा प्रश्न विचारलाच नाही तर खोटं उत्तर कुठून येणार? या हरकतीत तथ्य आहे. म्हणून उपाय असा: कबुलीजबाबाच्या, म्हणजे दस्त आपणच केल्याचं कबूल करण्याच्या, वेळी दुय्यम निबंधकाने घोषणापत्रातला मजकूर तीन प्रश्नांत तोंडी विचारावा. ही मिळकत तुमच्याकडे कशी आली, त्याचा दस्त किंवा फेरफार क्रमांक काय? ती आधी कुणाला लिहून दिली आहे का? तिच्यावर दावा चालू आहे का? उत्तरं संगणकावर टंकून घ्यावीत, फोटो आणि अंगठ्याच्या पानावरच छापावीत. दस्तामागे जास्तीची ५ मिनिटं जातील. मोबदल्यात प्रत्येक लिहून देणाऱ्याचं, अधिकाऱ्यासमोरचं, कलम ८२ च्या कक्षेत येणारं विधान हाती राहील.

याने दुय्यम निबंधक मालकीचा न्यायाधीश बनतो का? नाही, आणि बनूही नये. तमिळनाडूने २०२२ साली जिल्हा निबंधकाला बनावट दस्त रद्द करण्याचा अधिकार देणारं कलम ७७अ आणलं, ते मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. आधीच्या मालकीचा पुरावा नसेल तर नोंदणी नाकारण्याचा तिथला नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला. विक्रेत्याला हक्क आहे की नाही हे पाहणं निबंधकाचं काम नाही, हे त्यात पुन्हा स्पष्ट झालं. माझ्या सूचनेत निबंधक उत्तर तपासत नाही, त्यावरून नोंदणी नाकारत नाही. तो फक्त लिहून घेतो. खरंखोटं पुढे फौजदारी न्यायालय पाहील.

नोंदणी अधिनियमाच्या कलम ८३ प्रमाणे अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदणी अधिकारी स्वतः करू शकतो. तरीही कार्यालयाचं ठरावीक उत्तर येतं: दस्त रद्द करायचा आम्हाला अधिकार नाही, न्यायालयात जा. पूर्वार्ध खरा आहे, २०१६ च्या सत्यपाल आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. पण रद्द करता येत नाही म्हणून फिर्यादही देता येत नाही, हे कुठेच म्हटलेलं नाही. अंगठा मालकाचा नाही हे दिसत असताना, ज्याच्या टेबलासमोर गुन्हा घडला त्याने हात वर करणं मला मान्य नाही. सह जिल्हा निबंधकाकडे लेखी तक्रार आल्यापासून ३० दिवसांत फिर्याद दाखल करावी किंवा न करण्याची कारणं लेखी द्यावीत, एवढा आदेश प्रशासकीय पातळीवर निघू शकतो. त्यांनी नाही केली तरी तक्रारदार अडत नाही: कलम ८३ मधली परवानगी ही खासगी फिर्यादीची पूर्वअट नाही, हे १९७२ मध्येच ठरलेलं आहे.

आता जन्मठेपेच्या कलमाची खरी अवस्था पाहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत कलम ३३८ अजामीनपात्र आहे, पण अदखलपात्र! म्हणजे नुसतं ३३८ असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. सोबत ३३६(३) (फसवणुकीच्या हेतूने बनावटगिरी) किंवा ३१८(४) (फसवणूक) सारखं दखलपात्र कलम असलं तर सगळं प्रकरण दखलपात्र धरतात, म्हणून व्यवहारात चालून जातं. इब्राहिमच्या निकालाने फसवणुकीचं कलम गळालं की ही टेकूची व्यवस्थाही डळमळते. शिवाय खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, ज्यांना देता येणारा कमाल कारावास ३ वर्षांचा. जास्त शिक्षा हवी वाटली तर प्रकरण वर पाठवण्याची सोय आहे, ती वापरावी लागते, आपोआप होत नाही. कागदावर जन्मठेप आणि न्यायासनावर ३ वर्षं, असा हा मामला आहे. ३३८ दखलपात्र करून सत्र न्यायालयाकडे द्यावं, किंवा निदान ७ वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकणाऱ्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

तपासात सगळ्यांत मोठं नुकसान पहिल्या महिन्यात होतं. नोंदणीनंतर मूळ दस्त पक्षकाराला परत मिळतो, कार्यालयात प्रत राहते. म्हणजे ज्या कागदावरची शाई आणि सहीचा दाब तपासायचा तो आरोपीच्या घरी. पोलीस आधी नोटीस पाठवून जबाब घेतात, मग मूळ दस्त मागतात. तोवर तो ‘गहाळ’ झालेला असतो आणि गहाळ झाल्याचा दाखलाही तयार असतो. झेरॉक्सवरून हस्ताक्षर तज्ज्ञ ठाम मत देत नाहीत. झडती आणि जप्ती जबाबाच्या आधी व्हायला हवी. तुलनेसाठी नुसती आजची सही पुरत नाही. दस्ताच्या सुमारास केलेल्या निर्विवाद सह्या लागतात, बँकेच्या कार्डावरच्या, सेवापुस्तकातल्या, दुसऱ्या नोंदणीकृत दस्तातल्या. अंगठ्याचा ठसा सहीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा. तो कार्यालयाच्या अभिलेखात असतो, आणि तरी बऱ्याच प्रकरणांत ठसे तज्ज्ञांकडे जातच नाही. नोटरी केलेला कागद असेल तर नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक आणि त्याच्या मागच्या-पुढच्या नोंदी पाहाव्यात. स्टॅम्प जुना असेल तर मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत त्या अनुक्रमांकापुढे कुणाचं नाव आहे ते. दोन्ही वह्या लवकर ताब्यात घ्याव्या लागतात.

दोषारोपपत्रातला दोष वेगळा. कुणी काय केलं हे त्यात नसतं, सगळ्यांवर सगळी कलमं असतात. शीला सेबास्टियन प्रकरणात, २०१८ साली, तोतया स्त्री उभी करून मुखत्यारपत्र केलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बनावटगिरीचा दोष कागद करणाऱ्यावर जातो. ज्याच्या लाभासाठी तो झाला त्याने तो स्वतः केल्याचं सिद्ध नसेल तर तो या कलमाखाली दोषी ठरत नाही. यातून शिकायचं ते असं: तोतयावर बनावटगिरी आणि तोतयेगिरी, लाभार्थ्यावर कट आणि कागद खरा म्हणून वापरण्याचं कलम ३४०(२), ओळखदारांवर ८२ खाली साहाय्य. प्रत्येकाचं नाव, त्यापुढे कृत्य, त्यापुढे कलम. असं एक पान दोषारोपपत्राला जोडलं तरी दोषमुक्तीचे निम्मे अर्ज लंगडे पडतील असं मला वाटतं.

एक गैरसमज पोलीस ठाण्यांत घट्ट बसला आहे: बनावट मृत्युपत्र दिवाणी दाव्यात दाखल झालं की ‘न्यायप्रविष्ट आहे, न्यायालयाची तक्रार लागेल’. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये इक्बाल सिंग मारवा प्रकरणात याचा निकाल लावला आहे. तो अडसर फक्त कागद न्यायालयाच्या ताब्यात आल्यावर त्यात बनावट झाली तर लागतो. आधीच बनावट करून आणलेल्या कागदाबद्दल गुन्हा नोंदवायला काही अडचण नाही.

वारसनोंदीच्या खोट्या प्रतिज्ञापत्राचं मात्र उलटं आहे. लोकसेवकासमोर शपथेवर खोटं सांगण्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंत, पण दखल घ्यायला त्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. बहिणीने कितीही अर्ज केले तरी अधिकाऱ्याने लेखणी उचलल्याशिवाय खटला उभा राहत नाही, आणि ते क्वचितच उचलतात. गाळलेल्या वारसाला थेट तक्रारीचा अधिकार द्यायला हवा. गावोगाव कितीतरी बायकांचा हक्क या एका कागदाने बुडतो.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. फौजदारी दबाव आणून दिवाणी वाद मिटवण्याची चाल जुनी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर वारंवार ताशेरे ओढले आहेत. वाटणी न झालेल्या जमिनीत भावाने आपल्या हिश्शापेक्षा ४ गुंठे जास्त विकले, तर तो गुन्हेगार का? हद्द चुकली, जुना फेरफार रद्द झाल्याचं माहीतच नव्हतं, तर? म्हणून कलम ३२२ मधल्या दुरुस्तीत ‘माहीत असताना’ हा शब्द कळीचा आहे, आणि माहिती होती हे कागदाने सिद्ध व्हावं. फेरफाराची नोटीस बजावलेली, मनाई हुकूम मिळालेला, आधी स्वतःच ती मिळकत विकून मोबदला घेतलेला. असा पुरावा नसेल तर प्रकरण दिवाणीच राहू द्यावं. लिस पेंडन्सच्या नोटिशीबाबतही हेच धोरण हवं. प्रलंबित दाव्याची ती नोटीस खरेदीदाराच्या रक्षणासाठी आहे, पण किरकोळ दावा टाकून चांगल्या मिळकतीवर ती चढवायची आणि ती उठवण्यासाठी पैसे मागायचे, असेही लोक आहेत. दावा फेटाळला की नोंद आपोआप निघाली पाहिजे.

ज्यांच्या मिळकतीवर असा दस्त झाला आहे त्यांनी फौजदारी निकालाची वाट पाहत बसू नये. आरोपीला शिक्षा झाली तरी दस्त आपोआप रद्द होत नाही, त्याला दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. रद्द करून मागण्याची मुदत, दस्ताची माहिती झाल्यापासून ३ वर्षं. दस्तावर खरोखर तुमची सही असेल तर तो रद्द करून मागायचा. नसेल तर तो तुमच्यावर बंधनकारक नसल्याची घोषणा मागायची. कोर्ट फीही त्यावर ठरते. पहिल्या आठवड्यात इंडेक्स टू आणि दस्ताची प्रमाणित प्रत काढावी, तलाठ्याकडे फेरफाराला नोटिशीनंतरच्या १५ दिवसांत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी, म्हणजे नोंद तक्रारी नोंदवहीत जाते. फेरफार मंजूर झालाच तर प्रांताकडे अपील आहे; फेरफाराने मालकी ठरत नाही, पण त्यावर कर्ज मिळतं आणि पुढची विक्री होते. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि मग प्रतिज्ञापत्रासह नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे. अधीक्षकांचा टप्पा गाळला तर अर्ज तिथेच फेटाळला जाऊ शकतो.

हुकूमनामा मिळाल्यावरही एक काम उरतं. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१(२) प्रमाणे दस्त रद्द झाल्याच्या हुकूमनाम्याची प्रत न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला पाठवायची असते, आणि तिथे मूळ नोंदीवर शेरा मारायचा असतो. कागद वाटेत अडकला की रद्द झालेला दस्त शोध अहवालात वर्षानुवर्षं जिवंत दिसत राहतो आणि त्यावर पुढचा खरेदीदार फसतो. नव्या नोंदणी कायद्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केला, त्यात न्यायालयाकडून नोंदणी प्रणालीत थेट शेरा जाण्याची आणि तो ठरावीक दिवसांत इंडेक्समध्ये दिसण्याची सक्ती घालावी. तोवर पक्षकारानेच प्रमाणित प्रत घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा, आणि महिन्याभराने इंडेक्स टू पुन्हा काढून शेरा लागला का ते पाहावं.